पळसाचे खुंट

रुआबांध्याजवळ कारखान्याच्या कामगारांच्या क्वार्टरसाठी रान साफ होत होतं, तेव्हा मी दुर्गच्या कॉलेजात होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे धानकरी, इथे बुलडोझरवर हेल्पर होते. त्या दिवशी ऑपरेटरच्या जागेसाठी त्यांची परीक्षा होती. मी डबा घेऊन गेलो आणि थांबलो.

पळसाची झुडपं मुळासकट काढायची होती. बाबा ब्लेड वरवरच चालवत होते. झुडपं मोडत होती, खुंट मात्र जमिनीतच राहत होते.

"ब्लेड खाली घ्या ना, काका!" परीक्षा घेणारा तरुण फोरमन ओरडला.

"खाली घेतलं तं काळी माती जाते, साहेब."

"जाऊ द्या! आपल्याले इथं घरं बांधाचे हायेत, धान नाई लावाचा."

बाकीचे हेल्पर हसले. मला वाटलं, बाबा आता उतरतील. त्यांनी ब्लेड खाली टेकवलं आणि मशीन पुढे नेली. खुंटांसोबत वीतभर मातीही निघाली आणि कडेला ढीग झाला.

ते पास झाले. घरी आईने विचारलं, "कसं झालं?"

"झालो ऑपरेटर," बाबा म्हणाले. हात धुताना पुन्हा म्हणाले, "माती लय चांगली होती."