रिजेक्टकाकांचं डावं चाक

कारखान्यात तपासनीस असताना रिजेक्टकाकांच्या टेबलावर दोन शिक्के होते. एक 'पास'चा, दुसरा 'नापास'चा. दुसऱ्याचं रबर झिजून तीनदा बदलावं लागलं. पहिला निवृत्तीच्या दिवशी कोराकरकरीत परत गेला म्हणे. ऐकीव गोष्ट आहे, पण काकूंचा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. लग्नाचंसुद्धा काकूंनीच विचारलं होतं. काका "बघू" म्हणाले, तेव्हा काकूंनी तारीख ठरवून टाकली. नाहीतर ते अजून बघतच असते.

अशा माणसाचा जीव जडला होता एका चिमुकल्या जुन्या गाडीवर. चौघं बसले की दार बाहेरून पाचव्यानं लोटावं लागतं, एवढीशी. तीही वडिलांकडून आलेली, त्यामुळे निवडायचा प्रश्नच आला नाही. "अहो, हिच्या पोटात एकेक भाग मूळ कारखान्याचा आहे," असं काका जिन्यात भेटेल त्याला अडवून सांगायचे. आणि जिन्यात तर सगळेच भेटतात.

गेल्या महिन्यात तिचं पुढचं डावं चाक गुणगुणायला लागलं. उजवीकडे वळलं की सूर चढायचा, डावीकडे वळलं की चिडीचूप. नेहमीच्या मिस्त्रींनी चाक जॅकवर उचललं, दोन्ही हातांनी हलवून बघितलं आणि निकाल दिला.

"बेअरिंग गेलं, साहेब. नवं आणा, तासाभरात बसवतो. पण शनिवारच्या आत. रविवारी मी निघालो मुलीकडे. कायमचा."

काकांची पाचावर धारण बसली. बेअरिंग ज्यात बसतं ते या गाडीच्या चाकाचं हब ओढून काढायचं अवजार मिस्त्रींनी स्वतः घडवलेलं होतं. एकदा दुसऱ्या गॅरेजात गाडी नेली होती, तर तिथला मुलगा तिच्याभोवती दोन चकरा मारून "हिला कॉम्प्युटर कुठं जोडायचा?" म्हणाला होता. म्हणजे शनिवार हुकला की गाडीवर कायमची चादर.

मंगळवारपर्यंत जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून तीन बेअरिंगं मांडली गेली. पहिलं बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावरचं, मूळ कारखान्याच्या खोक्यातलं, मेणकागदात गुंडाळलेलं. ते काकांनी आधी हात धुऊन मगच उघडलं. आत ग्रीस वाळून खडखडीत, आणि गोळ्या फिरतात त्या खाचेत गंजाचा बारीक ठिपका. काकांनी ते असं बाजूला ठेवलं, जसं काही सख्ख्या भावानं फसवलंय. दुसरं नामांकित कंपनीचं, चकचकीत. पण नंबराच्या शेवटी एक अक्षर जास्त. ते अक्षर कशासाठी, हे चार दुकानदारांनी चार प्रकारे सांगितलं आणि काकांनी चारही उत्तरं फेटाळली. तिसऱ्याच्या खोक्यावर नावच नाही, नुसतं सिंहाचं चित्र. सिंहही असा, की दूध पिऊन आलाय.

काकांनी तिन्ही मापली. व्हर्निअरनं मापली, मायक्रोमीटरनं मापली, कानाशी धरून बोटानं फिरवली.

"ताटं कुठं वाढू? मांडीवर?" काकू.

"एक मिनिट."

"ते एक मिनिट परवापासून चाललंय. त्या सिंहाच्यात काय खोट आहे?"

"मापात बसतं."

"मग?"

"सिंह पटत नाही."

शुक्रवारी संध्याकाळी निर्णय झाला: तिन्ही नापास. शनिवारी सकाळी काकूंनी तिन्ही खोकी पिशवीत कोंबली, काकांना गाडीत कोंबलं आणि चाकाच्या गुणगुणण्यात वरात मिस्त्रींच्या शेडवर आली.

शेड निम्मी रिकामी होती. भिंतीवर पान्यांच्या जागी पान्यांच्या आकाराच्या पांढऱ्या खुणा उरल्या होत्या. मिस्त्रींनी हब खोललं, जुनं बेअरिंग काढलं, फडक्यानं पुसलं. काका पुढे वाकले, मूळ कारखान्याची मोहर डोळे भरून बघायला.

बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर सिंह होता. तोच, दूध प्यालेला.

काकूंनी पदर तोंडाला लावला. मिस्त्री फडक्याला हात पुसत बसले, गरजेपेक्षा बराच वेळ.

"हे मूळचं नाही?" काका.

"मूळचं कधीच गेलं, साहेब. तुम्ही पंधरा दिवस 'थांबा, बघू' म्हणत होतात. तुमची पाठ वळली आणि मी हे ठोकलं. अठरा वर्षं झाली."

"आणखी काय काय ठोकलंत?"

"यादी सांगू? चहा गार होईल."

काका उलट्या बादलीवर बसले. मिस्त्रींनी तिन्ही खोकी त्यांच्यासमोर ठेवली आणि हाताची घडी घातली.

"आज मी नाही निवडणार. उद्यापासून तुमच्या पाठीमागे कोण असणार आहे? बोला, कुठलं बसवू?"

"तुम्हीच..."

"मी नाही म्हणालो."

काकांनी काकूंकडे बघितलं. काकू छताकडे बघत होत्या, जणू तिथं कोणी काही लिहून ठेवलंय. बाहेर सामानाचा टेम्पो येऊन उभा राहिला, त्यानं दोनदा हॉर्न दिला. मिस्त्री हलले नाहीत. काकांनी मेणकागद उचलला, ठेवला. चकचकीत खोकं उचललं, ते अक्षर पुन्हा वाचलं, ठेवलं. मग कपाळाचा घाम पुसला आणि सिंह पुढे सरकवला.

"हे."

"खात्री आहे?"

"नाही."

"मग?"

"खात्री नाही. तरी हेच."

तासाभरात चाक चढलं. काका, शेजारी मिस्त्री, मागे काकू, अशी फेरी निघाली. उजवं वळण आलं. काकांनी खिडकीची काच खाली करून कान बाहेर काढला. आवाज नाही. परत येईपर्यंत त्यांनी मुद्दाम सात उजवी वळणं घेतली, तेव्हा काकूंनी मागून खांद्यावर टकटक केली.

शेडपाशी मिस्त्री उतरले, पण दार धरून उभे राहिले.

"उजव्या चाकाच्या बेअरिंगची काळजी करू नका. ते अजून दहा वर्षं टिकेल."

"ते कुणी निवडलेलं?"

"मीच. लपवून."

काकांनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. काकू मागच्या सीटवरून पुढे सरकून कान देऊन बसल्या.

"मग टिकेल," काका म्हणाले.