फाटक्या कानाची

नसिलेलेला हत्ती मोजायला कुणी बोलावलं नव्हतं. ती भांडून आली होती. क्वांडो नदीच्या अलीकडे नामिबिया, पलीकडे दुसरा देश. कोरड्या दिवसांत दोन्ही काठांवरचे लोक एकाच वेळी कळप मोजतात. बाकीच्यांना आकडा हवा असायचा. हिला एक कान हवा होता, डावा, फाटलेला. त्या कानाच्या हत्तिणीनं तिच्या नवऱ्याला, मुबिताला, त्याच्याच ज्वारीच्या शेतात पायाखाली घेतलं होतं. लोक म्हणत, मुक्या जनावराशी कसलं वैर? म्हणेनात का. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

पाच वर्षं अर्ज करकरून यंदा त्या हत्तिणीला मारायचा परवाना निघाला. अट एकच, हत्तीण मधल्या धारेच्या, म्हणजे देशाच्या हद्दीच्या, अलीकडे हवी. मुदत आज संपत होती. मुबिताचा चुलतभाऊ सिमासिकू बंदूक घेऊन शेजारी बसला होता.

"वहिनी, मला सगळे कान सारखेच दिसतात. तू फक्त 'ती' म्हण."

"म्हणेन. आधी ती सुकी मासळी चघळणं थांबवा, भावजी. मचमच नदीपार ऐकू जातेय."

दुपारी कळप पाण्यात उतरला. नसिलेलेच्या अंगठ्याखाली मोजणीयंत्राचा खटका वाजू लागला. कळप संपेपर्यंत बोलायचं नाही, नाहीतर मोजणी चुकते. पाच हंगामांत हे तिच्या हाडीमाशी खिळलं होतं. सात. आठ. नवव्या खटक्याला तो कान आला. तिनं तो ओळखला, आणि अंगठा दहावर गेला. अकरा, बारा. पिल्लू धरून सतरा. तेव्हा कुठे तिचं तोंड उघडलं.

"ती!"

हत्तीण मधली धार ओलांडून गेली होती.

"आता बोलतेस?" सिमासिकूनं बंदूक वाळूत आपटली. "मोजायला आलीस की मारायला?"

अंगठा तोडून मगरींना घालावा, इतका तिला स्वतःचा राग आला. पलीकडे ती सटवी खुशाल अंगावर पाणी उडवत होती.

वायरलेस खरखरला. पलीकडचा मोजणीदार, म्हातारा कासोमा, बोलत होता. "माझे सतरा. तुझे किती, पोरी?"

पाच वर्षांत तिचा आकडा एकदाही चुकला नव्हता.

"सोळा."

"नीट बघ. फाटक्या कानाची धरलीस ना?"

"माझ्या लेखी ती मेली." नसिलेलेनं वहीत सोळा लिहिलं, दाबून, कागद फाटेस्तोवर. "जिवंत हवी असेल तर तिकडेच ठेवा, बाबा. परत इकडे आली, तर मी मोजत बसणार नाही."