भरून आलेल्या बोटी

नवी नवरी असताना मी मासा बेदाण्याच्या शेडमध्ये आकड्याला टांगला होता. हसा खुशाल! मी तासगावकडची, जे काही वाळवायचं ते शेडमध्ये, एवढीच माझी अक्कल. आमचे हे लक्षद्वीपातल्या एका इवल्या बेटावर नोकरीला. धक्क्यावर बोटींतून उतरणारी मासळी तोलून घ्यायचं काम. लग्नाला येताना त्यांनी तिथला कुपा मासा आणलेला, उकडून धुरावलेला, लाकडासारखा कडक. माझ्या करणीनं बेदाण्याला असा वास लागला, की व्यापाऱ्यानं मूठभर उचलून नाकाशी नेला आणि तसाच टाकून चालता झाला. मामंजी कडाडले, "कुणी केला ह्यो शानपना?" मी खांबाआड. हे पुढं होऊन म्हणाले, "म्याच टांगला, दादा." आणि हळूच माझ्याकडं बघून डोळा मिचकावला... त्या एका डोळ्यावर मी जन्म काढला.

पुढं दर पावसाळ्यात ते रजेवर यायचे. निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी शेडमध्ये, त्याच आकड्याखाली बाज टाकून, बेटावरच्या हसनभाईंना फोन. "आज काय गावलं?" बोटी भरून आल्या म्हटलं की दोन घास जास्त जायचे. रिकाम्या आल्या की ताट तसंच. आमिषाची बारकी मासळीच कमी झालीय, म्हणायचे. ती नसली तर कुपा कशाला येतोय? मी चिडवायची, "आवं, समुद्र तिकडं, आन् उपास हिकडं?"

यंदा आषाढात त्यांनी अंथरूण धरलं. आवाज पार खोल गेला, खाणं सुटलं. संध्याकाळ झाली की नजर फोनकडं. मी लावायची, लागायचाच नाही. मग बंद फोन कानाला धरून मीच बोलायची, "व्हय? भरून आल्या? बरं बरं!" आणि यांना सांगायची, "लय गावलं आज." ते हसायचे, चमचाभर पेज घ्यायचे. एका संध्याकाळी मात्र तोंड उघडलंच नाही...

काल मी शेडमध्ये त्या बाजेवर बसले आणि सवयीनं फोन कानाला गेला. लेक शेजारी येऊन बसला. मी म्हटलं, "शेवटी शेवटी तुझ्या आबांना लय फसवलं रं मी."

त्यानं माझ्या हातातला फोन काढून घेतला. मग म्हणाला, "आये, पावसाळ्यात तितल्या बोटी वर वढून ठेवत्यात. म्हून तर आबा तवाच घरी यायचं. त्यांस्नी समदं ठावं हुतं. मला म्हनलं, 'तिला काय बोलू नगंस. लय झ्याक बोटी भरतीया ती.'"