फुगीर टाका
कोऱ्या सुती दोऱ्याचा वास आला की मला खामगावचं आमचं अंगण दिसतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, मी नऊ-दहा वर्षांची होते आणि क्रोशाची सुई धरायला शिकत होते. शेजारच्या काकूंच्या टेबलक्लॉथवर हरभऱ्याएवढे फुगीर टाके होते, मला अगदी तसेच हवे होते. पण मी डावखुरी. काकूंच्या बाजूला बसून त्यांच्यासारखं करायला गेले की दोरा गुंतायचा आणि आई गहू निवडता निवडता ओरडायची, "उजव्या हातात घे ना ते सुई!" त्या दुपारी मी अगदी रडकुंडीला आले, तशा काकू उठल्या आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. "आता आरशात पाह्यल्यावानी माह्याकडे पाह्य," त्या म्हणाल्या. "एकाच घरात पाच खांब, म्हंजे पाच उभे टाके, घे. आता सुई काढ, पहिल्या खांबात घाल अन् सुटलेला टाका त्यातून ओढ." मी ओढला, आणि टुपकन दाणा वर आला! "आला, काकू, आला!" म्हणत मी अंगणभर नाचले. मग दुसरा आला, तिसराही आला. आईनं सूप बाजूला सरकवलं आणि जवळ येऊन त्या दाण्यांवरून बोट फिरवलं. आता डाव्या हातावर चापट बसणार, असं मला वाटलं. पण ती माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मलेही दाखव बरं." पुढे मी कितीतरी जणींना विणकाम शिकवलं, पण त्या दुपारी आईला शिकवताना होती तेवढी ऐट मला पुन्हा कधी आली नाही.