कंट्रोलची बॅट

दुकानदाराने पिकलबॉलच्या दोन बॅट काउंटरवर ठेवल्या. दोन्ही महागाच्या. "ही पॉवरची, हिने बॉल जोरात जातो. ही कंट्रोलची. जोर कमी, पण बॉल हवा तिथेच पडतो." मी पॉवरची हातात घेऊन तोलून पाहत होते, तेवढ्यात आमचे हे म्हणाले, "ती मला द्या. हिला कंट्रोलची बरी."

कंट्रोलची. हा शब्द माझ्या आईचा. रेशनच्या दुकानाला ती कंट्रोलचं दुकान म्हणायची आणि तिथला जाडाभरडा तांदूळ तो कंट्रोलचा. कितीही निवडला तरी त्यात खडा लागायचाच. बारीक तांदळाचा भात वडिलांच्या आणि आमच्या पानात पडायचा. आई कायम कंट्रोलचा खायची. "मला हाच आवडतो," म्हणायची, आणि आम्हाला ते खरं वाटायचं. कंट्रोल म्हणजे आपला ताबा, असं दुकानदाराला म्हणायचं असेल. मला मात्र तो शब्द दुसऱ्याने मोजून दिलेल्या मापाचाच वाटतो.

आता सोसायटीच्या कोर्टावर आम्ही रोज सकाळी जोडीने खेळतो. यांचा फटका रेषेबाहेर गेला तरी बघणारे म्हणतात, "काय ताकद आहे." मी अलगद जाळ्यापलीकडे बॉल टाकून पॉइंट घेते, तेव्हा हे म्हणतात, "बघ, कशी बॅट निवडून दिली."

परवा शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला कधी जोरात मारावंसं वाटत नाही?"

"मला हीच आवडते," मी म्हणाले, आणि दाताखाली खडा आला.