आजीवर गेलेली उंची

आमच्या घरात सगळ्यांत बुटकी मी. पायाखाली पाट घेतल्याशिवाय ओट्यावर भाकरी थापता येत नाही. पोलीस भरतीसाठी मुरुडच्या वाळूवर जीव खाऊन पळायचे, तर मैदानावर उंची मोजली आणि सरळ घरी पाठवलं. बाळंतपणात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगकाठी लहान आहे, सिझर करावं लागेल. दरवेळी आईचं एकच, "बापाच्या आईवर गेलीय." धाकटी बहीण माझ्याहून चांगली वीतभर उंच. ती कुणावर गेली, हे कुणी विचारलं नाही.

दारात होडी, अंगणात सुकी मासळी, पण तान्ह्या पोराला मासळी चालत नसे. दात पुरते येण्याआधी दिली तर जंत होतात, असा त्याच आजीचा नियम. मी दोन वर्षं पेजेच्या पाण्यावर वाढले. भुकेनं रडले की दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळायच्या. धाकटीच्या वेळी आजी राहिली नव्हती. आई बाजारात मासळी विकायला बसायची, आणि शेजारीण आपल्या पोरांबरोबर तिलाही भातात मासा कुस्करून भरवायची.

आता माझी लेक दहा महिन्यांची आहे. अंगणवाडीत मोजली तर लांबी कमी भरली. सेविका मुद्दाम घरी आली. "नुसती पेज पुरत नाही, ताई. अंडं, मासळी, घट्ट वरण द्या. ही पहिली वर्षं गेली की राहिलेली उंची नंतर भरून येत नाही."

मी तिच्यासमोरच भातात बोंबील कुस्करला. आईनं ताटली ओढून घेतली. "येडी झालीस काय? जंत व्हतील."

माझं डोकंच फिरलं. "जंतांना औषध मिळतं, आई. उंचीला मिळतं का? माझी लेक जन्मभर पाटावर उभी राहणार नाही. सांगून ठेवते."

आईनं ताटली मांडीवर ठेवली. मग तिनं सेविकेला विचारलं, "आता मासळी दिली तर भरून निघंल?"

"निघेल की, आजी. अजून लहान आहे ती."

"नातीचं न्हाय इचारत." आईनं माझ्याकडं हात केला. "हिचं इचारतेय."

माझा राग कुठल्या कुठं गेला, नुसतं भडभडून आलं. आईनं बोंबलाचा काटा काढला आणि पहिला घास नातीच्या तोंडात दिला.