ज्याला कळलं नाही त्याचा खडू

माझी आत्या कॉलेजात गणित शिकवते. गेली एकोणीस वर्षं ती दर उन्हाळ्यात तीन आठवड्यांची कार्यशाळा भरवते. नुकतीच पीएचडी झालेली मुलं चार-चारच्या गटाने एकेका न सुटलेल्या प्रश्नाला भिडतात. वर्ग मिळवण्यासाठी ती प्राचार्यांच्या इतकी मागे लागते की शेवटी तेच हात टेकतात. राहण्याजेवणाचं मी बघते. कार्यशाळेत नियम एकच आहे: ज्याला कळलं नाही, त्याच्या हातात खडू.

यंदा एका गटाला मार्गदर्शक म्हणून एक बडे प्राध्यापक आले. पहिल्याच दिवशी त्यांनी फळा भरून टाकला. चौघंही नंदीबैलासारखी माना डोलवत होती. आत्या आत गेली, सरांच्या हातातला खडू काढून घेतला आणि मागे गप्प बसलेल्या मुलीला दिला.

"अहो बाई, उगाच वेळ जाईल," सर म्हणाले.

"जाऊ दे. तीन आठवडे त्यासाठीच भांडून मिळवलेत."

मुलगी सरांनी फळ्यावर लिहिलेल्या तिसऱ्या ओळीवर अडली. सर समजावायला उठले, बोलता बोलता थांबले आणि कपाळाला आठ्या घालून तडक निघून गेले.

"आता हे काही परत येत नाहीत," मी म्हटलं.

"न येवोत. नियम बदलणार नाही," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर तिच्या टेबलापाशी हात पुढे करून उभे होते.

"खडू द्या, बाई. तिसरी ओळ मलाही कळलेली नाही."